ताईच्या आवाजासाठी चौथा ट्वीटर

"पप्पा, तुमाले मी जास्त आवडते, का माहा आवाज?"

हा प्रश्न मुळात माझा नाही. प्राजक्ता आणि प्रणालीनं तो माझ्या गळ्यात मारला. शाळा सुटल्यावर आम्ही तिघी गिला वडा खात उभ्या होतो. मी नेहमीसारखी पप्पांची तक्रार करत होते, तर प्रणाली तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाली, "आमाले काऊन सांगून राहिली वं? त्याईले विचार ना. माइकवर तं एवढी गरजते."

"घरी गेली का मांजर होते थे," प्राजक्ता म्हणाली.

"मी? मांजर?"

"हिंमत असन तं आज विचार. शब्दाले शब्द असाच विचार. नाई विचारला तं उद्याचा वडा तुह्याकडून."

वडा गेला खड्ड्यात, पण मांजर म्हटलेलं मला चालत नाही. निदान आता चालत नाही. या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत मी खरोखरच मांजर होते, वर्गात हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली जायचा. मग शाळेच्या मैदानावर कबड्डीची मॅच होती आणि कॉमेंट्री करणारा मुलगा आलाच नाही. पी.टी.चे शेषराव सर माइक हातात घेऊन इकडेतिकडे पाहत होते. मी सगळ्यात जवळ उभी होते, एवढीच माझी पात्रता. सरांनी माइक माझ्या हातात कोंबला. पहिली रेड मी नुसती पाहत राहिले. दुसऱ्या रेडला आमच्या शाळेची पोरगी समोरच्यांच्या तीन जणींना झटकून लाइनीवर आडवी पडली आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "पाह्य बरं, पाह्य बरं! पोरगी हाय का पाऱ्याचा थेंब हाय, धरता धरता निसटली नं वं माय!" अख्खं मैदान हसलं. मला तो हशा अजून आठवतो, अंगाला गरम पाणी घेतल्यासारखा. त्या दिवसापासून मी बोलते. वर्गात, रस्त्यावर, रिक्षात. सगळीकडे बोलते, फक्त घरी जपून.

घरी जपून, कारण घरी माझा आवाज माझ्या एकटीचा नाही.

तर मी त्याच संध्याकाळी घरी गेले. पप्पा समोरच्या खोलीत खाली बसले होते, मांडीवर उघडं पॅनल आणि हातात सोल्डरिंगची कांडी. माझे पप्पा, नागसेन, अमरावतीत स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्त करतात. बँडवाल्यांपासून प्रोफेसर लोकांपर्यंत सगळे त्यांच्याकडे येतात. मी दप्तरही खाली न ठेवता प्रश्न विचारून टाकला. शब्दाला शब्द.

पप्पांनी मान वर केली नाही. कांडीच्या टोकाचा धूर फुंकून बाजूला केला आणि म्हणाले, "गरम पानी पे. आवाज जड लागून राहिला तुहा."

हे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दोघींना सांगितलं नाही. वडे मी घेतले.

*

पॅनल म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं तसं तुम्हालाही तो कूलरचा पत्रा वाटेल. शेजारच्या मनकर्णा काकू तर पहिल्यांदा पाहून म्हणाल्या होत्या, "अवो मैनाबाई, जाळ्या आणल्या, वाळा कधी भरता?" दाराएवढे उंच दोन सपाट स्पीकर आहेत ते. मागे डबा नाही. मधे पतंगाच्या कागदाहून पातळ फिल्म, तिच्यावर बारीक तारा चिकटवलेल्या आणि मागे लोहचुंबकाच्या पट्ट्या. गाणं लावलं की ती अख्खी फिल्म थरथरते. साधा स्पीकर आवाज फेकतो, हे पॅनल आवाज उभा करतं, असं पप्पा म्हणतात. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते दुरुस्तीला पाठवले होते. मग डॉक्टर मुलाकडे राहायला गेले आणि फोनवर म्हणाले, नागसेन, तूच ठेवून घे, तुझ्या घरात गाणारी मुलगी आहे.

गाणारी मुलगी म्हणजे मी नाही. माझी ताई, पौर्णिमा.

डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्याच्या आदल्याच पावसाळ्यात ताई डेंग्यूनं गेली होती. बारावीला होती. पप्पांनी फोनवर त्यांना काही सांगितलं नाही, फक्त "हो सर, ठेवतो" म्हणाले.

ताईचं एकच गाणं आमच्याकडे पूर्ण आहे. बाकी व्हिडिओ आहेत, पण त्यात ती हसते, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात मागे डीजे वाजत असतो. हे एक गाणं तिनं याच खोलीत, मे महिन्यात, मोबाइल टीव्हीच्या टेबलावर उभा करून गायलं होतं. गाणं आमच्या देवमन आजोबांनी रचलेलं. आजोबा गावोगाव कलापथकात गायचे, त्यांची कितीतरी गाणी कुणी लिहूनच घेतली नाहीत. हे ताईला पाठ होतं.

*पान्याले जाते माय माही, डोईवर आभाय,*
*एक एक पायरी उतरे, विहिरीले नाही थांग काय.*

पॅनलची फाटलेली फिल्म बदलून झाली तेव्हा पप्पांनी पहिलं हेच लावलं. मी चौदा वर्षांची होते. ताई त्या दोन जाळ्यांच्या मधोमध उभी राहिली. खरंच सांगते, तिची उंचीसुद्धा कळत होती. आई स्वयंपाकघरातून पदर हातात धरून आली, दारातच थांबली आणि तशीच परत गेली. त्यानंतर गाणं लागलं की ती बाहेर अंगणात जाऊन बसायची. पप्पा मात्र डोळे मिटून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "थोडंसंच कमी आहे."

त्या थोडंसंच्या मागे ते दोन वर्षं लागलेले आहेत.

आधी त्यांना वाटलं छाती कमी आहे. ही फिल्म वरचा आणि मधला आवाज सुंदर काढते, पण खालचा भरीव आवाज तिच्यात येत नाही. मग त्यांनी खाली लाकडी चौकट ठोकून कागदी कोनचा वूफर बसवला. आता ताईला छाती आली, पण ती घुमायला लागली, जणू मटक्यात तोंड घालून गाते. वूफर कमी केला. मग वाटलं वरची धार कमी आहे. वरच्या आवाजासाठी पॅनलमध्ये पातळ पट्टीचा ट्वीटर होता, तो काढून रेशमी घुमटाचा लावला. तिचा 'स' शिट्टीसारखा झाला. दुसरा लावला, 'स' बरा झाला पण आवाज सुकला. तिसरा लावला. मधे क्रॉसओव्हर बदलायचे, म्हणजे आवाजाची वाटणी करणारं सर्किट, खालचं वूफरकडे, मधलं फिल्मकडे, वरचं ट्वीटरकडे. अडचण अशी की मुलीचा आवाज बरोबर वाटणीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येतो. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पप्पा म्हणायचे, "पोरगी एक आहे, तुकड्यात निघून राहिली."

आणि तुकडे जुळले की नाही हे तपासायला अस्सल आवाज लागतो. दुरुस्तीवाल्यांची ती पद्धतच आहे, खऱ्या वाद्यापुढे स्पीकर ठेवून ऐकायचं. तबल्याचा स्पीकर तबल्याशेजारी. ताईचा आवाज कुणाशेजारी ठेवणार? माझ्या.

आमच्या दोघींचा आवाज सारखा आहे. फोनवर मावशी अजून दचकते. म्हणून दर रविवारी दुपारी दोन पॅनलच्या मधे आईची जुनी साडी बांधली जाते आणि तिच्यामागे मी उभी राहते. कूलर बंद करावा लागतो. अशोक विजयादशमी होऊन गेली तरी अमरावतीचं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पप्पा समोर खुर्चीत बसतात. ताईची एक ओळ वाजते. मग तीच ओळ मी म्हणते. मग पुन्हा ताई. पप्पा उठून सर्किटमधला एखादा भाग काढतात, दुसरा लावतात. पुन्हा ताई, पुन्हा मी. साडीच्या मागून मला पप्पांचे पाय तेवढे दिसतात.

सुरुवातीला मला हे आवडायचं, यात लपवण्यासारखं काही नाही. ताई गेल्यावर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रविवारी निदान पप्पा मला हाक मारायचे. पिऊ, ये. पिऊ, जरा खालच्या पट्टीत. पिऊ, शाब्बास. पण मग नियम वाढत गेले. लोणचं खायचं नाही. बर्फगोळा नाही. मैदानावर ओरडायचं नाही. माझ्या गळ्याला मफलर गुंडाळून ठेवायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

अशात शेषराव सरांनी सांगितलं की विभागाच्या शालेय कबड्डी स्पर्धा अकोल्याला आहेत आणि मुलींच्या सामन्यांची कॉमेंट्री मी करायची. दोन दिवस! मी घरापर्यंत पळत आले.

"नाई," पप्पा म्हणाले.

"काऊन?"

"दोन दिवस बोंबलशील. गळा बसन. नवा ट्वीटर येऊन राहिला बंगलोरहून, या खेपेला जमते. थो बसला का मंग जाजो कुठी जायचं थे."

"पप्पा, स्पर्धा थांबन का ट्वीटरसाठी?"

"गळा एकदा फाटला का पयल्यासारखा होत नाई पिऊ." हे मात्र त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं. म्हणजे माझ्या गळ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती मला समजत होती. माझा आवाज चिरकला तर जगात ताईचा दुसरा नमुना उरणार नव्हता. तसाही तो फार दिवस उरणार नाही. येत्या मार्चमध्ये मी ताईपेक्षा मोठी होते.

आई भाकरी थापत होती. आई अंगणवाडीत शिकवते, दिवसभर पोरांशी बोलते आणि घरी आली की संपते. ती म्हणाली, "जाऊ द्या ना तिले."

"तू कधी बसून आयकते का? तुले काय मालूम?"

"मले नाई आयकायचं."

"एकदा बस. नवा ट्वीटर लागला का एकदाच बस. तू म्हनशीन थे आखरी. मंग हिले जाऊ देतो."

आईनं भाकरी उलटली. "आखरी ना?"

"आखरी."

*

ट्वीटर बुधवारी आला, पप्पांनी तो शनिवारपर्यंत बसवला आणि रविवारी दुपारी आई खुर्चीत बसली.

मी साडीच्या मागे. कूलर बंद केला तसा खोलीत एकदम सन्नाटा झाला आणि मग बाहेरची चिमणी ऐकू यायला लागली. पप्पांनी आईला पाठमोरं बसवलं. कोण वाजतंय, कोण गातंय ते दिसायला नको. "तू फक्त सांग," ते म्हणाले, "हे पौर्णिमा, का हे पौर्णिमा नाई. बस."

ताईची ओळ वाजली. खरं सांगू, चौथा ट्वीटर फारच छान होता. 'पान्याले' मधला 'ले' कसा जिभेवरून सुटल्यासारखा आला. मला वाटलं, जमलं.

"हे नाई," आई म्हणाली.

पप्पांनी काहीतरी खुडबुड केली. पुन्हा वाजलं.

"हे बी नाई. हे फोन आहे."

पप्पांनी पुन्हा बदललं. तेच गाणं, तीच ओळ. आईनं नुसती मान हलवली. साडीच्या फटीतून मला पप्पांचा हात दिसला, पँटला पुसत होते. मग त्यांनी साडीकडे बोट केलं. माझी पाळी.

मला आता वाटतं मी तेव्हा तसं करायला नको होतं. पण मी तशीच आहे, सगळे शांत बसले की मला काहीतरी करून दाखवायचं असतं. आजपर्यंत मी रेकॉर्डिंगसारखं म्हणायचे, कारण पप्पांना तेच पाहिजे असायचं. त्या दिवशी ठरवलं, आईसाठी अस्सल ताई काढायची. ताई 'डोईवर' म्हणायच्या आधी एक श्वास घ्यायची, गरम चहाचा घोट ओढल्यासारखा, छोटा. शाळेत त्यावरून तिला चिडवायचे. आम्ही एका अंथरुणात झोपायचो आणि ती पुटपुटत गाण्याचा सराव करायची, तेव्हा माझ्या कानाजवळ तो श्वास यायचा. मी डोळे मिटले. "पान्याले जाते माय माही," आणि मग तो घोट, आणि मग "डोईवर आभाय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पौर्णी?"

आई म्हणाली. विचारलं तिनं. कुणी दार वाजवल्यावर आतून विचारतात तसं. आणि मग तिनं दोन पावलांत येऊन साडी बाजूला ओढली, दोरीसकट.

तिच्या तोंडावर काय होतं ते मी कधी कुणाला नीट सांगू शकणार नाही. आनंद होता. आईचा एवढा आनंद मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. आणि मला पाहिल्यावर तो गेला. लाइट गेल्यावर पंखा जरा वेळ फिरत राहतो, तसं ओठांवर हसू जरा वेळ राहिलं आणि मागे काहीच नव्हतं. लगेच ती सावरली. "पिऊ," म्हणाली, "माही बाई," म्हणाली, मला छातीशी धरलं, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पण मी पाहिलं होतं. आणि मी पाहिलं हे तिनंही पाहिलं होतं.

पप्पा जागेवरून हलले नव्हते.

"थो श्वास कुठून आणला तू?" ते म्हणाले.

"ताई घ्यायची ना."

"घ्यायची. पन रेकॉर्डिंगमंधी नाई थो."

मला आठवेना. एवढ्या वेळा ऐकलं तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण माझ्या कानात तो आपोआप भरला जायचा.

"नाईच आहे," पप्पा म्हणाले आणि खाली फरशीवर बसले. "मीच काढला."

मग त्यांनी सांगितलं. ताई गायली तेव्हा कूलर सुरू होता. मे महिना, बंद कसा करणार. ताईला ते गाणं एका ऑनलाइन स्पर्धेत पाठवायचं होतं आणि पप्पा म्हणाले होते, थांब, मी साफ करून देतो. कॉम्प्युटरवर त्यांनी नुसत्या कूलरचा आवाज मशीनला शिकवला आणि सांगितलं, असला आवाज जिथे जिथे असेल तिथून काढ. मशीननं काढला. कूलर गेला. पण श्वास म्हणजे तरी काय, हवाच. "कूलरची हवा अन् मानसाची हवा," पप्पा म्हणाले, "मशीनले फरक कळत नाई." सगळे श्वास गेले, आणि आवाजाच्या कडेला जी मऊ लव असते तीही गेली. पप्पांना ते इतकं स्वच्छ वाटलं की जुनं त्यांनी ठेवलंच नाही, त्याच्यावरच नवं टाकलं.

"ताई काही बोलली नाई?" मी विचारलं.

"हासली. म्हने, पप्पा, मी कुठी श्वास घेतला थे सापडून नाई राहिलं. मी म्हनलं, मोठे गायक असेच असतात."

आई त्यांच्याकडे बघत होती. "म्हंजे तुमाले मालूम होतं. जे भरलंच नाई थे कोनत्याच स्पीकरमधून निघनार नाई, हे तुमाले पयल्या दिवसापासून मालूम होतं."

"हो."

"मंग दोन वर्सं काय करून राहिले? ह्या पोरीले उनात उभी करून?"

पप्पांनी चौथ्या ट्वीटरच्या रिकाम्या खोक्याचं झाकण उघडलं, बंद केलं. "थांबलो असतो तं काय केलं असतं मी, मैना?"

आई त्यांच्याजवळ फरशीवर बसली. मला वाटलं, संपलं. वाईट झालं, पण संपलं. मी कूलर लावायला वळले.

"थांब," पप्पा म्हणाले. ते उठले होते. कपाटातून त्यांनी माइक काढला, चांगला, पाहुण्या गायकांसाठी ठेवलेला. वायर लावताना दोनदा चुकली. "पिऊ. थो श्वास घे पुन्हा. गानं नको. नुसता श्वास."

"कशाला?"

"मी जोडतो तिच्यात."

मी आईकडे पाहिलं. आई नको म्हणेल, आत्ताच तर ती पप्पांवर चिडली होती. आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडे नाही, माइककडे बघत म्हणाली, "एकदा घे ना, बाई."

मी घेतला. ताईसारखा, चहाचा घोट ओढल्यासारखा.

पप्पांनी तो कॉम्प्युटरवर कापला, आवाज थोडा कमी केला आणि 'माही' आणि 'डोईवर' यांच्यामध्ये, जिथे काहीच नव्हतं तिथे ठेवला. मग लावलं.

ताई आली. यावेळी खरी. खालचा वूफर, मधली फिल्म, वरचा नवा ट्वीटर, सगळं होतं तिथंच होतं, पण त्या एका श्वासानं तुकडे जुळले. पाणी आणायला निघालेल्या बाईबद्दल गाता गाता तिनं मधे दम घेतला आणि ती जिवंत होती. आईनं तोंडावर हात धरला. पप्पा रडत होते, आवाज न करता, खांदे हलत होते.

"पुन्हा लावा," आई म्हणाली.

त्यांनी पुन्हा लावलं. आणि पुन्हा. जी आई गाणं लागलं की अंगणात जाऊन बसायची, ती पॅनलसमोर मांडी घालून बसली होती आणि पप्पा तिच्या खांद्याला खांदा लावून. दोघं किती दिवसांनी असे जवळ बसले होते. घामानं दोघांचीही पाठ ओली. मी पडलेल्या साडीची घडी केली. ती ठेवायला आत गेले, परत आले, पाणी प्याले. मला तहान लागली होती. भांडं जरा जोरात ठेवलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही. तीच ओळ चालू होती, तोच श्वास, आणि प्रत्येक वेळी तो आला की माझ्या छातीत काहीतरी आत ओढलं जायचं, जणू मी इथे उभी राहून घेतलेला प्रत्येक श्वास तिकडे जमा होतोय.

मला ताईचा राग येत नव्हता, ते कुणी समजू नये. मलाही तिथं जाऊन बसायचं होतं त्यांच्यामध्ये. पण मी बसले असते तरी त्यांनी मला पाहिलं नसतं. ते जिच्याकडे बघत होते ती समोर होती.

बऱ्याच वेळानं पप्पांना माझी आठवण झाली. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी वर्षांनी तरुण दिसत होता. "पिऊ! अवं, या कडव्यातच आनखी चार जागा आहेत. मंग दुसरं कडवं. बाकीचे श्वास बी घेऊन टाकू आपन. रोज थोडे थोडे. दिवाळीपर्यंत अख्खं गानं होते." त्यांनी माइक पुढे केला. आईनंही वळून पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत तेच होतं. विनंती. दोघांचे डोळे इतके उपाशी की मी हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

मी माइक हातात घेतला. बटण बंद केलं. तो टीव्हीच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्या आणि पॅनलच्या मधे येऊन उभी राहिले.

"पप्पा, आई, आयका. थो एक श्वास दिला, थो ठेवा तुमी, त्याले मी काही म्हनत नाई. बाकीचे मी देनार नाई. आजपासून मी पडद्यामागं बी उभी राहनार नाई. शुक्रवारी मी सरांसंगं अकोल्याले जाऊन राहिली. दोन्ही दिवस माइकवर मीच राहीन, अन् ओरडून ओरडून माहा गळा फाटला, अन् ताईसारखं त्यात काहीच नाई राहिलं, तरी बी मी जानार."